जाता येतं म्हणून जायचं?

ऑफ-रोड ट्रेलरची कुठलीही जाहिरात बघा, फोटो साधारण तोच असतो. खडकाळ किनारा, निळंशार तळं, पलीकडे उघडेबोडके डोंगर आणि मधोमध चिखल उडालेला एक छोटा ट्रेलर. माणूस असलाच तर एखादा, पाठमोरा, हातात कॉफीचा मग. आसपास दुसरं वाहन नाही, घर नाही, कुंपण नाही, पाटी नाही. ही जागा कुणाची तरी असेल अशी शंकाही बघणाऱ्याला येऊ नये, याची पुरेपूर काळजी घेतलेली असते.

या फोटोत एक दावा लपलेला आहे: जिथवर तुमची गाडी पोचते, तिथवर जग तुमचं. या दाव्यानं मला गेले काही महिने बराच त्रास दिलाय, कारण मला असं फिरायला मनापासून आवडतं. त्यामुळे पुढचे प्रश्न मी लांब उभा राहून, हाताची घडी घालून विचारत नाहीये. जिथे आपल्याला जाता येतं, तिथे आपण जावं का? आणि तिथल्या माणसांनी ‘इथे येऊ नका’ म्हटलं, पण त्यांचं कारण आपल्याला पटत नसेल, तर थांबायचं कशासाठी?

*

आधी यंत्राबद्दल बोलू, कारण प्रश्न यंत्रापासूनच सुरू होतो.

मी सांगलीचा. इंजिनिअरिंग तिकडेच केलं, आता चार वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळ सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघा मित्रांनी एक ऑफ-रोड ट्रेलर तीन दिवसांसाठी भाड्यानं घेतला आणि शेजारच्या नेवाडा राज्यातल्या पिरॅमिड लेकवर गेलो. सिएरा नेवाडाचा घाट चढायचा, उतरायचा, रीनो शहर मागे टाकायचं आणि ईशान्येला आणखी साठेक किलोमीटर जायचं. झाडं संपतात, गवत संपतं, मग एका वळणावर एकदम तळं दिसतं.

ट्रेलर म्हणजे दोन माणसं कशीबशी झोपतील एवढी पेटी. तिसऱ्यानं टपावरच्या तंबूत झोपायचं. मागचं दार वर उचललं की ओटा, गॅस आणि फ्रिज. पोटात 80 लिटर पाण्याची टाकी, शिवाय लिथियम बॅटरी आणि उन्हात उलगडून ठेवायचं सोलर पॅनेल. साध्या ट्रेलरच्या दोन चाकांना जोडणारा एकच सरळ आस असतो. याच्या प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं, त्यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. गाडीला जोडणारा सांधा सगळ्या दिशांना फिरतो, म्हणजे गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी काही मोडत नाही. वाळू लागली की टायरमधली हवा 35 वरून 20 पीएसआयवर आणायची. टायर पसरतो आणि गाडी सहसा रुतत नाही.

इंजिनिअर म्हणून मला या वस्तूचं कौतुक वाटतं. तिचा एकेक भाग म्हणजे एकेका ‘नाही’ला दिलेलं उत्तर आहे. रस्ता नाही? चालेल. पाणी नाही? आणलंय. वीज नाही? ऊन आहे ना!

पण हे सगळे ‘नाही’ आजवर आपल्यासाठी एक काम गुपचूप करत होते. ज्या गडावर गाडी जात नाही तिथे प्लास्टिक कमी सापडतं, हे सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिथे जाणारे लोक जास्त सज्जन असतात असं काही नाही. चढणच त्यांना निवडते आणि पाठीवरचं ओझं त्यांना आवरतं. अडचण आपल्या वतीनं संयम पाळत असते. ती काढून टाकली की संयम ज्याचा त्याला पाळावा लागतो, आणि तो ट्रेलरबरोबर भाड्यानं मिळत नाही.

खरं तर आमच्या धंद्यात हा फरक पहिल्याच महिन्यात शिकवतात. एखाद्या सर्व्हरनं चुकून लोकांचा डेटा उघडा ठेवला आणि मला तो वाचता आला, म्हणून मला तो वाचायची मुभा मिळत नाही. सिस्टिमनं अडवलं नाही, एवढंच झालेलं असतं. सोमवार ते शुक्रवार हे आम्हाला नीट कळतं. शनिवारी सकाळी गाडीला ट्रेलर जोडला की मात्र ‘जाता येतं’ आणि ‘जावं’ यांच्यातली रेघ पुसट व्हायला लागते.

*

पिरॅमिड लेक हे जवळपास 500 चौरस किलोमीटरचं तळं आहे. लेक टाहोमधून निघणारी ट्रकी नदी सिएरा उतरून वाळवंटात येते आणि इथे संपते. तळ्यातून पुढे पाणी जायला वाटच नाही, ते फक्त आटतं. म्हणून पाणी किंचित खारट आहे. हिमयुगात इथे लाहोंटन नावाचं अवाढव्य तळं होतं, त्यातलं उरलेलं हे एक. किनाऱ्यावर टूफाचे चित्रविचित्र खडक उभे आहेत. जमिनीखालच्या झऱ्यांतलं कॅल्शियम तळ्याच्या पाण्यातल्या कार्बोनेटला मिळतं आणि हजारो वर्षं थरावर थर चढत जातात. काही खडक फुलकोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात, काही सुळक्यासारखे.

हे तळं पिरॅमिड लेक पायूट या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात आहे. 1859 मध्ये हा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवला गेला, 1874 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या आदेशानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. किनाऱ्यावर मुक्काम करायचा तर परवाना जमातीकडून घ्यायचा. आम्हीही घेतला, फोनवर, काही मिनिटांत.

‘पिरॅमिड’ हे नाव पायूटांचं नाही. जानेवारी 1844 मध्ये जॉन फ्रेमाँट नावाचा अमेरिकी लष्करातला भूमापक आपल्या तुकडीसह इथे पोचला. पूर्व किनाऱ्याजवळ पाण्यातून वर आलेला त्रिकोणी खडक त्याला इजिप्तच्या पिरॅमिडसारखा वाटला, म्हणून हे नाव. तुकडी थकलेली होती. पायूटांनी त्यांना मासे खायला दिले. ते ट्राउट मासे इतके मोठे आणि चविष्ट होते, की फ्रेमाँटनं नदीचं नावच माशांवरून ठेवलं. थोडक्यात, या किनाऱ्यावर ज्या मुक्कामाची लेखी नोंद राहिली, त्याची सुरुवात यजमानांनी वाढलेल्या जेवणानं झाली.

पुढे काय झालं ते तारखांत सांगता येतं. 1860 मध्ये इथेच पायूट आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांचं युद्ध झालं. 1905 मध्ये ट्रकी नदीवर डर्बी धरण पूर्ण झालं. वाळवंटात शेती फुलवायच्या केंद्र सरकारच्या मोहिमेतलं हे अगदी सुरुवातीचं बांधकाम. नदीचं बरंचसं पाणी कालव्यानं दुसऱ्या खोऱ्यात जाऊ लागलं. शेजारचं विनेमक्का तळं 1930 च्या दशकाअखेर पूर्ण कोरडं पडलं. पिरॅमिड लेकची पातळी 1967 पर्यंत सुमारे 80 फुटांनी खाली गेली. मासे अंडी घालायला नदीत चढतात, पण मुखाशी पाणीच उरलं नाही. 1925 मध्ये इथे 41 पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा ट्राउट सापडला होता. त्या जातीचा तो आजही जागतिक विक्रम आहे. 1940 च्या दशकापर्यंत मात्र या तळ्यातले मूळचे ट्राउट संपले. ज्या माशांनी पाहुण्यांचं पोट भरलं, ते शंभर वर्षांच्या आत नाहीसे झाले.

हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. तरी किनाऱ्यावर उभं राहिल्यावर एक गोष्ट नव्यानं कळली. मागच्या खडकांवर पांढरे पट्टे दिसतात, आपल्या डोक्यापेक्षा बरेच वर. पाण्याची जुनी पातळी ती. म्हणजे ज्या दगडगोट्यांवर आम्ही चाकांना अडसर म्हणून दगड लावून ट्रेलर उभा केला होता, ती जागा 1905 च्या आधी तळ्याच्या पोटात होती. जाहिरातीतला तो मोकळा किनारा निसर्गानं आमच्यासाठी राखून ठेवलेला नव्हता. कुणाचं तरी पाणी काढून घेतल्यामुळे तो उघडा पडला होता. पुष्कळदा मोकळी जागा ही मोकळी केलेली जागा असते.

पवना धरणाच्या काठी तंबूत झोपून आलेल्यांना हे फार परकं वाटू नये. आपण ज्या पाण्यात सूर्यास्त बघतो त्याच्या खाली कुणाची तरी शेतं आहेत. इथे पाणी काढून घेतलं, तिथे पाणी आणून भरलं. उपऱ्याला दोन्हीकडे फोटो छानच मिळतो.

*

आता त्या पाटीबद्दल. पूर्वेकडे पिरॅमिड खडकाजवळ आणखी एक टूफा आहे. दूरवरून बघितलं तर डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक बाई बसली आहे आणि शेजारी तिची टोपली आहे असं वाटतं. पायूटांच्या कथेप्रमाणे ही आई आहे. तिची मुलं आपसांत भांडून दूर पांगली. ती रडत बसली, तिच्या आसवांचं हे तळं झालं आणि ती तिथेच दगड झाली. बाहेरून आलेल्या लोकांनी खडकांवर रंग फासले, नावं कोरली, नासधूस केली. आता आईचा हा परिसर आणि उत्तर टोकाचे सुळके जमातीबाहेरच्या लोकांना बंद आहेत. तळ्याच्या मधल्या आनाहो बेटावरही उतरता येत नाही, पण ते वेगळ्या कारणानं: तिथे पांढऱ्या पेलिकन पक्ष्यांची मोठी वसाहत आहे आणि 1913 पासून ते अभयारण्य आहे.

पूर्व किनाऱ्याकडे जाणारा कच्चा रस्ता आमच्या ट्रेलरला सहज झेपला असता. म्हणूनच दुसऱ्या संध्याकाळी, वारा जरा पडल्यावर, चहा पिता पिता विषय निघाला. जायचं नाही यावर वाद नव्हता. का जायचं नाही, यावर होता.

पहिला मित्र म्हणाला, “दंड होईल.” ठीक, पण हे उत्तर नीतीचं नाही, हिशेबाचं आहे. कुणी बघत नसेल तर ते संपतं.

मी म्हणालो, “लोक नासधूस करतात म्हणून बंद आहे.” हेही पुरेसं नाही. मी काही खरवडणार नव्हतो, रंग फासणार नव्हतो. कारण फक्त नासधुशीचं असेल, तर जपून वागणाऱ्या माणसाला ते लागू होत नाही. आणि आपण जपून वागणारे आहोत, असं प्रत्येकालाच वाटतं.

मग उरतं तिसरं कारण: ती त्यांची आई आहे. इथे माझी पंचाईत होते. मी देव मानत नाही. माझ्या लेखी तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्याची रासायनिक प्रक्रिया मी वर चार ओळींत सांगितली. दुसऱ्याची श्रद्धा मला का बांधील असावी?

मी म्हणालो, “आपल्या आजीच्या देवघरात आपण चपला घालून जात नाही ना? तिथे काही तिचा देव पटावा लागत नाही.”

दुसरा मित्र इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “आजीच्या देवघरात कुणाकुणाला जाता येत नव्हतं, तेही सांग ना मग.”

त्याचं गाव रायगड जिल्ह्यातलं. त्याची आजी तरुणपणी गावच्या विहिरीपासून दूर उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. “‘इथे येऊ नका’ असं कुणी म्हटलं की तुला पावित्र्य दिसतं,” तो म्हणाला. “मला आधी म्हणणारा दिसतो.”

*

त्याचा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. निदान मराठी माणसाला तरी नाही. पाण्याकाठची ‘येऊ नका’ ही पाटी आपल्या इतिहासात एका ठिकाणी उभी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे महाड.

रावबहादूर बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळानं 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर खुलं, प्रत्यक्षात बंद. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर जमावानं त्यांच्या लोकांवर हल्ला केला आणि सवर्णांनी पंचगव्याचे घडे ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. मामला कोर्टात गेला. बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं होतं, की ही अनादी काळापासूनची रूढी आहे. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला, कारण ती रूढी तशी सिद्धच करता आली नाही.

तेव्हा ‘यजमान म्हणेल तिथे थांबावं, कारण विचारू नये’ असा सरसकट नियम केला, तर महाडमध्ये आपण चुकीच्या बाजूला उभे राहू. आणि ‘न पटणारी बंदी मोडावी’ असा नियम केला, तर पायूटांच्या दगडी आईच्या अंगावर चढून सेल्फी काढणारा माणूस सत्याग्रही ठरेल. दोन्ही मूर्खपणा आहे. म्हणजे फरक शोधायलाच हवा.

पहिला फरक मालकीचा वाटतो. चवदार तळं नगरपालिकेचं होतं, सार्वजनिक होतं. अडवणारे मालक नव्हतेच. पिरॅमिड लेक पायूटांचं आहे. मुद्दा बरोबर, पण अपुरा. पुण्या-मुंबईत आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारणाराही मालकच असतो. मालकी असली म्हणून प्रत्येक ‘नाही’ न्याय्य होत नाही.

दुसरा फरक, बंदी अडवलेल्या माणसाबद्दल काय म्हणते, हा. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, परधर्मीयांना अडवलं जात नसे. ठरावीक माणसांच्या स्पर्शानं मात्र पाणी बाटत असे. ती बंदी माणसाला प्रतवारीत खाली ढकलत होती. पायूटांची पाटी माझ्याबद्दल काहीच म्हणत नाही. माझा रंग, धर्म, जात, देश तिला नको आहे. तू या घरातला नाहीस, एवढंच ती सांगते. परका असणं आणि हलका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही सरमिसळ होते तेव्हाच बंदीला पावित्र्याचा मुलामा देता येतो. घरातल्याच माणसाला घराबाहेर ठेवणं हा तिसरा प्रकार. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर 2016 पर्यंत बायकांना जाता येत नव्हतं, तिथे अडवलेल्या बायका परक्या कुठे होत्या?

तिसरा फरक दिशेचा. महाडची बंदी वरून खाली येत होती. ज्यांच्याकडे जमीन, सत्ता आणि संख्या होती, त्यांनी ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना घातलेली. पिरॅमिड लेकची बंदी खालून वर जाते. नदी वळवली तेव्हा पायूटांना ‘येऊ नका’ म्हणता आलं नाही. त्यांनी कोर्टात दाद मागितली. पाण्याच्या वाटपाचा जुना निकाल पुन्हा उघडता येणार नाही, असं 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. 1990 मध्ये संसदेनं कायदा करून तडजोड घडवली, तेव्हा कुठे चित्र थोडं बदललं. ज्यांचं इतकं सगळं विचारल्याशिवाय नेलं, त्यांच्या हातात काही खडकांपुरता नकार उरला असेल, तर तो मोडणारा माणूस कुठलीही साखळी तोडत नसतो. तो जुनीच साखळी आणखी एक कडी लांब करतो.

हे सगळं मी नंतर, सावकाश जुळवलं. त्या संध्याकाळी माझ्या मित्रानं ते दोन वाक्यांत सांगितलं होतं.

“अडवलेला माणूस आत गेला असता तर त्याला काय मिळालं असतं, ते बघ,” तो म्हणाला. “आजीला पाणी मिळालं असतं. मला रील मिळालं असतं.”

मग त्यानंच कप विसळले, पाणी मोजून.

*

त्याच्या वाक्यात एक मोजपट्टी आहे असं मला वाटतं. पाणी, वाट, शाळा, घर, काम यांपासून अडवणं म्हणजे माणूस म्हणून जगण्यापासून अडवणं. तिथे बंदी घालणाऱ्यानं कारण द्यायला हवं, आणि ते सहसा देता येत नाही. कुतूहलापासून अडवणं वेगळं. माझं कुतूहल कितीही प्रामाणिक असलं, तरी ते भागवायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर नाही. जिथे माझं फक्त कुतूहल अडतं, तिथे कारण द्यायचं ओझं माझ्यावर येतं: मी का जावं?

आणि तिथे ‘मला पटलं तरच थांबेन’ ही अट गडबडीची आहे. कारण विचारायला हरकत नाही, ते समजून घेण्यात आनंदही असतो. पण कारण पटलं नाही तर मी जाणारच, असं ठरवून विचारणारा माणूस परवानगी मागत नसतो, तो चौकशी समिती बसवत असतो. दगडी आई खरंच आई आहे का, याचा निवाडा पायूटांनी माझ्याकडे मागितलेला नाही. मी श्रद्धा ठेवावी अशीही त्यांची अपेक्षा नाही. त्यांनी एवढंच म्हटलंय, की इकडे येऊ नका. त्यासाठी मला माझा नास्तिकपणा इंचभरही सोडावा लागत नाही. ट्रेलर जिथे आहे तिथे ठेवावा लागतो, बस्स.

यावर एक शेवटची पळवाट उरते: आम्ही पैसे भरलेत. फोनवर परवाना घेतला की आपण ग्राहक झालो असं वाटतं, आणि ग्राहकाला सगळं दाखवायला हवं असतं. मराठीत ‘पाहुणा’ हा शब्द आहे ते बरं आहे. पाहुण्यानं येताना खाऊचा पुडा आणला, म्हणून त्याला घरातली सगळी कपाटं उघडता येत नाहीत. उलट जे उघडून दिलंय त्याचं त्याला अप्रूप असतं. इथे उघडून दिलेलं थोडं नाही. मैलोन्‌मैल किनारा, तळं, आभाळ.

माशांचीच गोष्ट घ्या. संपलेल्या त्या ट्राउटचा वंश 1970 च्या दशकात नेवाडा-युटा सीमेवरच्या पायलट पीक डोंगरातल्या एका छोट्या ओढ्यात सापडला. कधीकाळी कुणीतरी ते मासे तिथे नेऊन सोडले होते. 2006 पासून ते परत पिरॅमिड लेकमध्ये सोडले जातात. कुयुई नावाचा मासा तर जगात फक्त इथेच आहे. पायूटांच्या इथल्या शाखेचं स्वतःचं नावच ‘कुयुई खाणारे’ असं आहे. हा मासाही नामशेष व्हायच्या बेतात होता, तो जमातीनं उबवणी केंद्रं चालवून टिकवला. आज ट्राउटसाठी देशभरातून गळ टाकणारे येतात. पाण्यात शिड्या रोवून त्यांच्यावर तासन्‌तास उभे राहतात. पहाटे ती रांग बघून हसू येतं. मग लक्षात येतं, की ज्यांच्या पाहुण्यांनी एकदा मासे संपवले, त्यांनीच मासे परत आणून पाहुण्यांना पुन्हा बोलावलंय.

मी स्वतः त्या पाहुण्यांच्या बाहेरचा आहे, असं म्हणायची सोय मला नाही. नदी वळवली तेव्हा माझे पणजोबा कृष्णाकाठी होते, हे खरं. पण रीनोच्या पूर्वेला याच ट्रकी नदीच्या काठी आज प्रचंड डेटा सेंटर्स उभी आहेत. माझ्या धंद्याचा पगार अशाच जागांवर चालतो. व्हिसावर राहणारा माणूस स्वतःला या देशात पाहुणा समजतो, इमिग्रेशनच्या रांगेत त्याला ते जाणवूनही दिलं जातं. पण त्या रांगेत तो ज्याच्यापुढे उभा असतो, तोसुद्धा इथला पहिला यजमान नाही. हे सारखं आठवत राहावं असं नाही. निदान ट्रेलर घेऊन तळ्याकाठी जाताना तरी आठवावं.

माझा मित्र अजूनही म्हणतो, की ‘प्रवेश नाही’ या पाटीवर त्याचा विश्वास नाही. ती कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली आणि तिच्यामुळे कुणाचं काय अडतं, हे वाचल्याशिवाय तो थांबणार नाही. मला वाटतं, पाटी वाचायची योग्य रीत हीच. फक्त वाचून झाल्यावर, उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तर, रस्ता समोर असताना आणि गाडीत ताकद असताना थांबता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारा सुटा भाग अजून कुणी बनवलेला नाही.